सिद्धीची आठवी

जयनगर, बंगळूर
११ जून

अजित,

काल दुपारी दातार मॅडमचा फोन आला होता. मी कोरमंगलाला ऑफिसात होते. मीटिंग संपवून बाहेर आले तर त्यांचा मिस्ड कॉल. पुण्याच्या शाळेतून फोन म्हणजे दाखले तयार झाले असणार, असं वाटून मी खुशीतच उलट फोन लावला.

त्या म्हणाल्या, "सिद्धीची भाषा कळवायची राहिलीय हो. आठवीला पूर्ण संस्कृत घेणार की संयुक्त? सोमवारी शाळा उघडतेय, वर्गाच्या याद्या लावायच्या आहेत."

मी म्हटलं, "मॅडम, आम्ही बंगळूरला आलो ना आता. दाखल्यांसाठी अजितने एप्रिलमध्येच अर्ज दिलाय."

त्या म्हणाल्या, "अर्ज नाही आला. साहेब मे महिन्यात येऊन दोघांचं पुढच्या वर्षाचं नक्की करून गेले. तुमचं दोन महिन्यांचं ट्रेनिंग आहे, मुलं सुट्टीपुरती तुमच्याबरोबर गेलीत, असं म्हणाले. यायला चार दिवस उशीर झाला तर सांभाळून घ्या, असंही सांगून गेलेत."

मी म्हटलं, "पूर्ण संस्कृत." का म्हटलं, कोण जाणे. आपल्या नवऱ्याने काय केलंय हे आपल्याला माहीत नाही, एवढं त्या बाईंना कळू नये म्हणून असेल.

संध्याकाळी तुला फोन केला. तू पुरतं ऐकूनही घेतलं नाहीस. "घरी आलीस की बोलू," म्हणालास आणि ठेवलास. कुठल्या घरी, अजित? माझं घर हे आहे. तूच फोटो बघून पसंत केलेलं.

म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवतेय. मेसेज केला की तू 'ओके' लिहितोस आणि विषय संपतो.

जानेवारीत मला ही बढती मिळाली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं नव्हतं. आठवडाभर थांबले. तुला विचारलं, आईंना विचारलं, मुलांना विचारलं. तू म्हणालास, "जाऊया. मी बदलीचा अर्ज टाकतो, जूनपर्यंत होईल." आणि म्हणालास, "घर नंतर. आधी शाळा बघायच्या, शाळा ठरली की तिच्या जवळ घर." मला ते इतकं पटलं होतं. आपल्या ओळखीतला कुठला पुरुष मुलांच्या शाळेचा एवढा विचार करतो, असं मी माझ्या बहिणीला कौतुकाने सांगितलं होतं.

मग शाळा सुरू झाल्या. म्हणजे आपल्या याद्या. एचएसआर लेआउट भागातली शाळा मला आवडली होती, ऑफिसपासून जवळ, घरंही होती. तू म्हणालास, नवी आहे, मुलांवर प्रयोग नकोत. जुन्या वस्तीतली जुनी शाळा बघ. म्हणून जयनगर. इथली पहिली शाळा बघितली तर तू म्हणालास, बोर्ड वेगळं आहे. दुसरीला कानडी सक्तीची. तिसरीचं मैदान लहान. मी दर शनिवारी रिक्षातून दोन मुलांना घेऊन शाळांच्या फाटकांवर उभी राहायचे आणि तू पुण्यात बसून प्रत्येक शाळेत एक खोट काढायचास. मला वाटायचं, किती बारकाईने बघतोय.

राजसला प्रवेश मिळाला, तोही दाखला नंतर आणून देण्याच्या बोलीवर. तो रोज आनंदाने जातो. कालपासून वर्गात कुणाकडे काही मागायचं तर 'स्वल्प कोडी' म्हणतो, 'जरा द्या' म्हणून. त्याच्या मॅडम रोज विचारतात, दाखला कधी येणार? आणि मी रोज सांगते, पुण्याचा क्लार्क रजेवर आहे. तू मला सांगितलंस तेच.

सिद्धीचं तर तुला ठाऊकच आहे. दोन शाळांच्या परीक्षा दिल्या, दोन्हींत नाही. एका ठिकाणी गणिताचा पेपर जवळजवळ कोरा. सातवीत वर्गात दुसरी आलेली मुलगी. त्या दिवशी मी शाळेच्या जिन्यात उभी राहून तुला फोन केला आणि मला रडू आवरेना, तेव्हा तू म्हणालास, "पोरीवर किती ताण टाकतेयस बघ." मी ते खरं मानलं. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, फळ्यावरचं दिसत नसेल म्हणून. डोळे चांगले आहेत. आता सगळ्या मुली सकाळी दप्तरं घेऊन जातात आणि ती गॅलरीत उभी असते.

मला तुझ्याकडून दोनच गोष्टी कळायला हव्यात. तू बदलीचा अर्ज दिला होतास का? आणि दिला नव्हतास, तर आम्हाला स्टेशनवर सोडायला आलास तेव्हा डब्यात सामान लावताना, "जूनमध्ये येतोच," असं राजसच्या गालाला हात लावून का म्हणालास?

फोन करू नकोस. लिही.

अंजली


जयनगर
१९ जून

अजित,

तुझा मेसेज मिळाला. 'उगाच वाढवू नकोस. तू शांत झालीस की बोलू.' मी त्या दिवशी शांत होते. आज नाही.

खाली अहल्याक्का राहतात, आपल्या घरमालकीण. तू त्यांच्याशी फोनवर एकदा बोललायस, भाडेकराराच्या वेळी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या याच गावात राहून मराठी टिकलीय, पण त्या मराठीला आता कानडी हेल आहे. त्यांची नात चंदना सिद्धीच्याच वयाची, सिद्धीला ज्या दुसऱ्या शाळेने घेतलं नाही, तिथेच आठवीत. शाळेतून आली की सिद्धीला हाक मारते आणि दोघी खालच्या पायऱ्यांवर बसतात. मला बरं वाटायचं, निदान एक मैत्रीण तरी झाली.

परवा मी ऑफिसातून आले तर अहल्याक्कांनी मला दारातच थांबवलं.

"अंजली, स्वल्प थांब गं. एक विचारू? ही मुलगी परीक्षेत नापास होती म्हणतेस तू?"

"हो, अक्का. का?"

"आमच्या चंदनाला समीकरणं सांगत होती. मी इथे भाजी निवडत ऐकत होते. त्या मुलीला आठ दिवस वर्गात कळलं नव्हतं, हिने एका संध्याकाळी कळवलं. हिला कोण नापास करतं?"

मी वर गेले. सिद्धी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी विचारलं, "चंदनाला गणितं तू शिकवलीस?"

"हो."

"मग परीक्षेत का नाही सोडवलीस?"

ती राजसच्या शर्टाची घडी घालत राहिली. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मग ती म्हणाली, "बाबा म्हणाला होता."

"काय म्हणाला होता?"

"की मला प्रवेश मिळाला नाही तर तुला परत यावंच लागेल. मग आपण सगळे पुण्यात एकत्र राहू. मी फक्त एवढंच करायचं, बाकीचं तो बघेल." आणि थोड्या वेळाने, "आईला सांगू नकोस म्हणाला, तिला वाईट वाटेल."

मी तिला विचारलं, पेपर कसा होता? खरं म्हणजे काय विचारावं ते मला सुचत नव्हतं, म्हणून हे विचारलं. ती म्हणाली, "सोपा होता. न लिहिणं अवघड होतं." इंग्रजीच्या पेपरात ती विसरून गेली, म्हणाली. निबंधाचा विषय आवडला आणि पानभर लिहून झाल्यावर तिला आठवलं. मग तिने तो सगळा खोडला. वर्गावरच्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, का खोडतेस, चांगला लिहिलायस की. ती खोडतच राहिली, आणि त्या बाईंनी शेरा लिहिला, मुलगी गोंधळलेली वाटते. तो शेरा शाळेने मला वाचून दाखवला होता. मी तुला फोनवर सांगितला होता. तू 'अरेरे' म्हणालास.

मी म्हटलं, "मी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा तरी सांगायचंस."

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण आदल्या दिवशी बाबाने मला शाबास म्हटलं होतं."

अजित, मी त्या शब्दापाशी अडकून बसलेय. मुलीने पेपर कोरा ठेवला आणि तिच्या बापाने तिला शाबास म्हटलं. इकडे मी रोज रात्री तिच्याशेजारी बसून, होतं असं कधीकधी, तू हुशारच आहेस, असं समजावत होते. ती ऐकून घ्यायची. आपण आईला फसवतोय हे माहीत असलेल्या मुलीला ते ऐकून काय वाटत असेल, याचा विचार मी करायला लागले की माझ्याने पुढे जाववत नाही.

तू मला फसवलंस, त्याचं आपण दोघं बघून घेतलं असतं. भांडलो असतो. कदाचित मी नोकरी सोडून परतही आले असते, तू समोर बसून 'मला यायचं नाही' असं म्हणाला असतास तर. तुला ते एक वाक्य म्हणायचं नव्हतं, म्हणून तू ते तिच्याकडून करून घेतलंस.

ती आता मला विचारते, "तू बाबावर रागावलीस का? माझ्यामुळे?"

तू इथे ये. माझी माफी मागू नकोस, मला ती नको आहे. तिच्यासमोर बस आणि एवढंच सांग, की मी तुला चुकीचं सांगितलं, तुझी काही चूक नाही. मी सांगून तिला पटत नाही. ज्याने सांगितलं त्यानेच ते परत घ्यायला हवं.

दाखल्यांचं मी बघते. दातार मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आईचा अर्जही चालतो.

अंजली


जयनगर
२४ जून

अजित,

शनिवारी येतोयस, कळलं. सकाळच्या गाडीने येशील तर थेट घरी ये, रिक्षावाल्याला चौथा ब्लॉक सांग. मुलं घरीच असतील.

राजसला सांगितलंय. तो तुला त्याची शाळा दाखवणार आहे, शनिवारी फाटक बंद असतं तरी. सिद्धीलाही सांगितलंय. आज केस धुऊन मला म्हणाली, बाबाला पालकाची भजी आवडतात ना, मी करेन.

मी तुझ्याशी भांडणार नाही, असं मी स्वतःशी ठरवलंय. तू तिच्याशी बोललास की मग आपण काय ते बघू. खरं सांगायचं तर तू येतोयस म्हटल्यावर मला बरं वाटलं. हे लिहिणार नव्हते.

अंजली


जयनगर
७ जुलै

अजित,

त्या शनिवारी तू इथे होतास, तरी मी हे लिहून काढतेय. कारण तू ते पुढे वेगळं सांगशील. आईंना, तुझ्या मित्रांना, कदाचित सिद्धीलाही.

तू आलास. राजसला बॅट आणलीस. सिद्धीला पिशवी दिलीस, आणि तिने उघडली तर आत पुण्याच्या शाळेचा गणवेश. आठवीपासून मुलींना पंजाबी ड्रेस असतो, तो. तिच्या मापाचा. म्हणजे तू माझं पत्र वाचून, त्यानंतर दुकानात जाऊन तो घेतलास. तिने तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भजी आणली. आपण खाल्ली. चांगली झाली होती. तू दोनदा मागून घेतलीस.

मग तिने स्वतःच काढलं. मी तिला काही शिकवलं नव्हतं.

"बाबा, तू आईला सांग ना, मी पेपर का सोडला ते."

तू हसलास. "मला काय माहीत? अवघड गेला असेल."

"तू म्हणाला होतास."

"मी? मी म्हटलं असेन, टेन्शन घेऊ नकोस, नाही मिळाला प्रवेश तरी काही बिघडत नाही. तू भलताच अर्थ काढलास, पिल्लू."

ती माझ्याकडे बघायला लागली. मला आधी वाटलं, मी कुणावर विश्वास ठेवते हे ती बघतेय. पण तसं नव्हतं. तिला स्वतःचीच शंका आली होती. आपण खरंच चुकीचं ऐकलं का, दोन्ही शाळा आपण आपल्याच मूर्खपणाने घालवल्या का, हे ती माझ्या तोंडावरून ओळखू बघत होती. तेरा वर्षांच्या मुलीचा असा चेहरा मी याआधी बघितला नव्हता.

मी म्हटलं, "सिद्धी, तू बरोबर ऐकलंस. बाबा तेच म्हणाला होता."

"मुलांसमोर हे काय चाललंय, अंजली?" तू म्हणालास. एवढ्या वेळात तुझा आवाज पहिल्यांदाच चढला.

मुलांना मी खाली अहल्याक्कांकडे पाठवलं. दार लागलं आणि तू सगळं कबूल केलंस, किती सहज. बदलीचा अर्ज दिलाच नव्हता. "तुला नाही म्हणायचं नव्हतं मला," म्हणालास. "तू एवढी खूश होतीस. म्हटलं, चार महिन्यांत तुझं तुलाच कळेल." आणि मग, खिडकीबाहेर बघत, "लोक विचारतात गं. बायकोच्या नोकरीमागे चाललास का म्हणून."

मी विचारलं, "हे तू आत्ता तिच्यासमोर का नाही बोललास?"

"तिच्या नजरेतून उतरलो असतो."

तुझ्या लक्षात आलं का, तू काय म्हणालास ते? तू तिच्या नजरेतून उतरू नयेस म्हणून ती स्वतःच्या नजरेतून उतरली तर तुला चालणार होतं. जानेवारीपासून तू मला जे जे खोटं सांगितलंस, त्याचा मला राग आहे, आणि राग कधीतरी निवतो. त्या दुपारी तुझ्या हातात एक वाक्य होतं, मी तुला ते आधी लिहून पाठवलं होतं, आणि तू तिला खोटं ठरवलंस. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

तू संध्याकाळच्या बसने गेलास. गणवेश मी तुझ्या बॅगेत परत ठेवला होता. तुला घरी गेल्यावर सापडला असेल.

तू इथे राहायला येऊ नकोस. मुलांना भेटायला ये, आधी कळवून ये. फोन हवा तेव्हा कर, राजस वाट बघतो. सिद्धीने घेतला नाही तर तिला दोष देऊ नकोस, आणि मी तिला घेऊ देत नाही असंही म्हणू नकोस. पुढचं काय, ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरलं की तुला माझ्याकडूनच कळेल. दुसऱ्या कुणाकडून कळायची वेळ मी तुझ्यावर आणणार नाही.

तू गेल्यावर दोन दिवस मी सिद्धीला काहीच विचारलं नाही. मग म्हटलं, "तुला पुण्याला जायचं असेल तर सांग. तुझा दाखला मी अजून काढलेला नाही, तिथली तुझी जागा आहे. मी रागावणार नाही आणि रडणार नाही." हे म्हणताना मला किती जड गेलं, ते तुला सांगायची गरज नाही. पण तिला एकदा तरी कुणीतरी सरळ विचारायला हवं होतं. आपण दोघांनी तिच्यासाठी एवढ्या शाळा बघितल्या, आणि तिला कुठली हवी हे दोघांनीही विचारलं नव्हतं. मीही नाही.

ती दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना म्हणाली, "मला तिथली शाळा आवडते. सगळ्या मैत्रिणी तिथे आहेत." मी बरं म्हटलं. ती म्हणाली, "पण मला बाबाबरोबर एकटीला नाही राहायचं. आत्ता नाही." आणि तिने ताट पुसून जागेवर ठेवलं.

चंदनाच्या शाळेने पुन्हा परीक्षा घ्यायला नकार दिला. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या आठवीच्या जागा भरल्या. अहल्याक्कांनी आणखी एक शाळा सांगितली, नवव्या ब्लॉकच्या पुढे. लहान आहे. इमारत जुनी, बसची सोय नाही, मैदान म्हणजे मागचं अंगण. तू असतास तर फाटकावरूनच परतवलं असतंस. मुख्याध्यापक बाईंना मी सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की घरातल्या अडचणीमुळे आधीच्या परीक्षा नीट झाल्या नाहीत. त्यांनी सिद्धीकडे बघितलं आणि कानडीत विचारलं, कानडी येते का? सिद्धी म्हणाली, "स्वल्प." बाई हसल्या. "सरी," म्हणजे बरं, म्हणाल्या, "शुक्रवारी परीक्षेला ये."

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून तिला घेऊन गेले. वर्गाच्या दारापर्यंत जाणार होते, तर ती म्हणाली, "तू इथेच बस." मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. आत बाई कुणालातरी ओरडत होत्या, अंगणात लहान मुलांची कवायत चालली होती, आणि मला सारखं वाटत होतं की उठून खिडकीतून बघावं, ती लिहितेय की नाही. उठले नाही. तुझ्यामुळे माझ्या मुलीवर नजर ठेवायची वेळ माझ्यावर आली, असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा बोटांना शाई लागलेली होती. माझ्याशेजारी बसली. निकाल बुधवारी आहे, तिला घेतील की नाही मला ठाऊक नाही. मी काही विचारलं नाही, तीच बोलली.

"सगळं लिहिलं. दोन गणितं आली नाहीत."

मी मान हलवली. तिला तेवढं पुरेसं वाटलं नसावं. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "खरंच आली नाहीत, आई."

अंजली